बायसनने हद्द ओलांडली तर: यलोस्टोनमधलं वन्यप्राणी स्थलांतर आणि गुरांचा सांसर्गिक गर्भपात

अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाच्या उत्तर टोकाला, मोन्टाना राज्याच्या हद्दीत, स्टीफन्स क्रीक नावाची जागा आहे. हिवाळ्यात डोंगरावरून खाली उतरणारे बायसन (आपल्या गव्याचे अमेरिकी भाऊबंद) तिथे पकडून कोंडवाड्यात ठेवतात. जानेवारी २०१८ मध्ये तिथल्या ५२ बायसनांचं कुंपण कुणीतरी रात्रीतून कापलं आणि सगळे रानात निघून गेले.

मुक्या जनावरांची सुटका करायची म्हणून हे केलं असेल, तर घडलं नेमकं उलट. हे ५२ प्राणी कत्तलखान्याच्या वाटेवरचे नव्हतेच. रक्त तपासून, कळपापासून वेगळे काढून, ईशान्य मोन्टानातल्या फोर्ट पेक या आदिवासी वसाहतीत पाठवण्यासाठी त्यांना राखून ठेवलं होतं. विलगीकरणातल्या जनावराची सगळी किंमत त्याच्या मागच्या चाचण्यांत असते. ते एकदा रोगी कळपात मिसळलं की आधीच्या अहवालांचा कागद होतो. पुन्हा पकडा, पुन्हा रक्त काढा, पुन्हा दिवस मोजा.

या एका रात्रीत प्रकरणाची सगळी गाठ दिसते. एका बाजूला नामशेष होता होता वाचलेला प्राणी, दुसऱ्या बाजूला बायसनकडून आपल्या गाईंना सांसर्गिक गर्भपाताची लागण होईल ही गुरं पाळणाऱ्यांची भीती, आणि मध्ये एक नियम, ज्याने कित्येक वर्षं बायसनला उद्यानाबाहेर पडायचा एकच रस्ता ठेवला होता.

रोग कसा पसरतो

ब्रुसेला अबॉर्टस या जिवाणूने होणाऱ्या रोगाला, म्हणजे ब्रुसेलोसिसला, आपल्याकडे सांसर्गिक गर्भपात म्हणतात. मी पशुवैद्यक असल्याने त्याची ओळख पुस्तकापेक्षा गोठ्यातच जास्त झाली. पाच महिन्यांच्या पुढची गाभण गाय एक दिवस अचानक गाभडते, म्हणजे तिचा गर्भ पडतो. वार (गर्भाबरोबरची झिल्ली) अडकते. मालक म्हणतो, घसरली असेल, कुणी मारलं असेल. पुढच्या महिन्यात शेजारच्या दावणीची गाय गाभडते, तेव्हा कुठे शंका येते. तोवर वार, गर्भजल आणि मेलेलं वासरू कुणीतरी उघड्या हाताने उचललेलं असतं. मग त्या माणसालाही महिनोन्महिने चढउताराचा ताप आणि सांधेदुखी धरते.

नियमांची चर्चा करताना एक गोष्ट सतत लक्षात ठेवावी लागते. हा रोग हवेतून उडत येत नाही. जंतू बाहेर पडतात ते मुख्यतः मादी गाभडताना किंवा विताना, आणि दुसरं जनावर ती जागा, ती वार, ते वासरू हुंगतं किंवा चाटतं तेव्हा त्याच्यात शिरतात. थंड हवेत, सावलीत ते आठवडेच्या आठवडे टिकतात. उन्हात लवकर मरतात. कोल्हे, लांडगे, कावळे ती घाण खाऊन टाकतात तेव्हा धोका आपोआप कमी होतो. म्हणजे धोक्याला ऋतू आहे (हिवाळ्याची अखेर आणि वसंत), त्याला जागा आहे आणि त्याला लिंगही आहे. नर बायसनकडून गाईला लागण होण्याची शक्यता फारच कमी.

दुसरी अडचण निदानाची. लहान वयात लागण झालेली कालवड रक्ताच्या चाचणीत स्वच्छ दिसू शकते. जंतू शरीरात दडून राहतात आणि पहिल्या गाभणपणात डोकं वर काढतात. त्यामुळे ‘एकदा तपासलं, निर्दोष निघालं, पाठवून द्या’ हे सूत्र इथे चालत नाही. पुढे नियम करणाऱ्यांना घाम फोडला तो याच एका गोष्टीने.

रोग आला कुठून

उत्तर अमेरिकेत एकेकाळी कोट्यवधी बायसन होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत ते जवळजवळ संपवले गेले. यलोस्टोनच्या आतल्या खोऱ्यात सुमारे दोन डझन रानटी बायसन तेवढे उरले. १९०२ मध्ये मोन्टानातल्या पाब्लो-अलार्ड कळपातून माद्या आणि टेक्सासमधल्या गुडनाइट कळपातून नर आणून तिथे त्यांची पैदास सुरू झाली. म्हणजे या कळपाचं पुनरुज्जीवनही स्थलांतरातूनच झालं आहे.

मग १९१७ मध्ये, गाभडलेल्या बायसन माद्यांच्या रक्तात ब्रुसेलोसिस आढळला. हा रोग अमेरिकेतल्या वन्यप्राण्यांचा नाही. युरोपातून आलेल्या गाईंबरोबर तो तिकडे गेला. उद्यानातही दुधासाठी गाई पाळलेल्या होत्या आणि बहुधा त्यांच्याकडूनच बायसनला लागण झाली. आज यलोस्टोनच्या प्रौढ माद्यांपैकी निम्म्याहून जास्त माद्यांच्या रक्तात या जंतूविरुद्धची प्रतिद्रव्यं सापडतात. प्रतिद्रव्य असणं म्हणजे जंतू पसरवणं नव्हे. बऱ्याच माद्या लागण होऊन बऱ्याही झालेल्या असतात. पण कायद्याच्या लेखी त्या ‘दोषी’च.

पशुपालकांची भीती पोकळ आहे असं मात्र मी म्हणणार नाही. नियमाविना स्थलांतर केलं की काय होतं याचा मोठा धडा शेजारच्या कॅनडात आहे. १९२५ ते १९२८ या काळात वेनराइट इथल्या उद्यानात बायसन फार वाढले म्हणून त्यांतले ६,६७३ प्राणी रेल्वे आणि बोटींनी उत्तरेकडच्या वुड बफेलो राष्ट्रीय उद्यानात हलवण्यात आले. वेनराइटच्या कळपात क्षयरोग आहे हे माहीत होतं. जीवशास्त्रज्ञांनी विरोध केला होता. तरी प्राणी गेले, आणि त्यांच्याबरोबर क्षय आणि ब्रुसेलोसिस दोन्ही गेले. उत्तरेतल्या रानबायसनच्या मूळ कळपात ते मिसळले आणि शंभर वर्षांनंतरही तिथून हे रोग हटलेले नाहीत. इतक्या मोठ्या रानातून रोग काढून टाकण्याचा उपाय आजही कुणाकडे नाही. एक ट्रक चुकीचा गेला तर तो परत बोलावता येत नाही, हे मनात धरूनच मोन्टानाकडे पाहायला हवं.

एकच दार

अमेरिकेने १९३४ मध्ये गुरांमधल्या ब्रुसेलोसिसच्या निर्मूलनाची देशव्यापी मोहीम हाती घेतली. तपासणी, बाधित जनावरांची कत्तल, वासरांचं लसीकरण, आणि राज्यांना दर्जा देणं असा तिचा साचा होता. मोन्टानाला १९८५ मध्ये रोगमुक्त दर्जा मिळाला. तो पशुपालकांच्या अनेक वर्षांच्या कष्टांतून मिळाला होता आणि त्याची किंमत रोख होती. दर्जा गेला की राज्याबाहेर विकायच्या प्रत्येक पैदासक्षम जनावराची तपासणी करावी लागे आणि गिऱ्हाईक पाठ फिरवे. जुन्या नियमानुसार दोन वर्षांत दोन कळप बाधित निघाले की अख्ख्या राज्याचा दर्जा खाली येई. बाधित कळप बहुतेक वेळा पूर्ण मारला जाई.

अशा टांगत्या तलवारीखाली माणूस कोणत्या प्राण्याकडे संशयाने पाहील? जो मोठा आहे, कळपाने फिरतो, ठरलेल्या वाटेने दर हिवाळ्यात उद्यानाबाहेर येतो आणि ज्याच्या रक्तात रोगाच्या खुणा आहेत त्याच्याकडे. १९९५ मध्ये मोन्टानाच्या विधिमंडळाने उद्यानाबाहेर येणाऱ्या बायसनवर कारवाई करण्याचा अधिकार राज्याच्या पशुधन विभागाला दिला. त्याच वर्षी राज्याने केंद्र सरकारविरुद्ध दावाही लावला. पुढच्याच, १९९६-९७ च्या कडक हिवाळ्यात बर्फावर गोठलेला थर बसला, गवत खणून काढता येईना, आणि बायसन मोठ्या संख्येने खाली उतरले. हजाराहून अधिक मारले गेले. डिसेंबर २००० मध्ये दाव्यात तडजोड झाली आणि केंद्र व राज्याच्या संस्थांनी मिळून एक आंतरसंस्था बायसन व्यवस्थापन योजना स्वीकारली. तरीही २००७-०८ च्या हिवाळ्यात दीड हजारांवर बायसन कळपातून गेले, त्यांतले बहुतेक कत्तलखान्यात.

या काळातल्या नियमाचा दोष माझ्या मते कडकपणात नव्हता. बायसनने आपलं निर्दोषपण सिद्ध करण्याची सोयच त्यात नव्हती. यलोस्टोनचा जिवंत बायसन दुसरीकडे नेता येत नसे, कारण तो रोगाच्या संपर्कातल्या कळपातला. मेलेला नेता येई. ज्या कळपात एकोणिसाव्या शतकातल्या संहारातून वाचलेलं रक्त आहे, त्यातला निरोगी प्राणीसुद्धा मांस म्हणूनच बाहेर पडू शकत होता.

दुसरं दार कसं बांधलं

२००५ मध्ये मोन्टानाचं वन्यजीव खातं आणि केंद्राची पशुआरोग्य सेवा यांनी कॉर्विन स्प्रिंग्ज इथे प्रयोग सुरू केला. प्रश्न सरळ होता: रोगी कळपातून निरोगी प्राणी वेगळे काढून, ते खरंच निरोगी आहेत हे पुराव्याने दाखवता येईल का?

पकडलेल्या लहान बायसनांमधून रक्तात दोष नसलेले निवडले. दुहेरी कुंपणाआड ठेवून त्यांची पुन्हा पुन्हा तपासणी केली. त्यांतले काही प्राणी मारून त्यांच्या ऊतींमध्ये दडलेले जंतू सापडतात का हेही पाहिलं. मला हे वाचताना वाईट वाटलं, पण त्याशिवाय बाकीच्यांवर कुणी विश्वास ठेवला नसता. उरलेल्या माद्या वाढवल्या, गाभण होऊ दिल्या, विऊ दिल्या आणि व्याल्यानंतर पुन्हा तपासल्या. कालवडीत दडलेला रोग पहिल्या वेतात उघडा पडतो, म्हणून परीक्षा वेतापर्यंत न्यायची हा त्यामागचा विचार. या शेवटच्या टप्प्यापर्यंत पोचलेला एकही प्राणी बाधित निघाला नाही.

आजची पद्धत यातूनच आली आहे. पकडलेल्या प्राण्यांपैकी साधारण ३० टक्के या कार्यक्रमात घेण्यायोग्य ठरतात. नरांचं विलगीकरण सुमारे एका वर्षाचं, माद्यांचं सुमारे अडीच वर्षांचं. त्यानंतर नव्या जागी आणखी एक वर्ष खातरजमेची तपासणी. नर आणि मादीला वेगळा काळ लावणं मला या नियमातलं सर्वांत शहाणपणाचं कलम वाटतं. रोग जिथून पसरतो तिथे नियम घट्ट होतो, जिथून पसरत नाही तिथे सैल. नुसत्या भीतीने लिहिलेला नियम सगळ्यांना एकाच दावणीला बांधतो.

कुणाची जमीन?

विज्ञानाने ‘हे प्राणी निरोगी आहेत’ म्हटलं, पण त्याने काम झालं नाही. त्यांना ठेवायचं कुठे? २०१० मध्ये पहिल्या तुकडीला कुणी जागा देईना, तेव्हा ती उद्योगपती टेड टर्नर यांच्या खासगी रँचवर गेली. त्यांनी सांभाळ करायचा आणि मोबदल्यात पिलांमधला वाटा ठेवायचा, असा करार झाला. सार्वजनिक मालकीच्या प्राण्यांची पिलं खासगी मालकाला का, यावर वादही झाला.

२०११ मध्ये राज्याने कायदा केला: मोन्टानातल्या खासगी किंवा सार्वजनिक जमिनीवर रानटी बायसन सोडण्याआधी वन्यजीव खात्याने व्यवस्थापन आराखडा करावा, लोकांची मतं ऐकावीत, आणि रोग व कुंपणाची जबाबदारी ठरवावी. हेतू वावगा नव्हता. मार्च २०१२ मध्ये साठेक बायसन ट्रकने फोर्ट पेकला गेले. असिनिबॉइन आणि सू या जमातींच्या त्या वसाहतीत लोक त्यांच्या स्वागताला थांबले होते. त्यांच्या पणज्यांच्या काळात बायसन म्हणजे अन्न, वस्त्र, निवारा आणि देव होता, आणि त्यांना उपाशी ठेवून वसाहतीत ढकलण्यासाठीच तो मारला गेला होता. पण लगेच दावा लागला. नव्या कायद्याप्रमाणे आराखडा झालेला नाही, असं पशुपालक आणि जमीनमालकांचं म्हणणं होतं. जिल्हा न्यायालयाने पुढची वाहतूक रोखली.

जून २०१३ मध्ये मोन्टानाच्या सर्वोच्च न्यायालयाने ती स्थगिती उठवली. निकाल फिरला तो दोन शब्दांवर. कायदा ‘खासगी किंवा सार्वजनिक’ जमिनीबद्दल बोलतो. आदिवासींची वसाहतीतली जमीन यांपैकी कशातच बसत नाही, म्हणून तिथे प्राणी नेण्याला हा कायदा लागू होत नाही. त्याच ऑगस्टमध्ये काही बायसन फोर्ट बेलनॅप या दुसऱ्या वसाहतीत पोचले. नियम लिहिणाऱ्यांनी नकाशावरचे दोनच रंग पाहिले होते. तिसरा त्यांच्या ध्यानातच आला नाही.

फोर्ट पेकच्या लोकांनी पुढे स्वतःचं मोठं विलगीकरण केंद्र बांधलं. पण रोगाच्या संपर्कातल्या कळपातले प्राणी पूर्ण निर्दोष ठरेपर्यंत यलोस्टोनलगत या रोगासाठी आखलेल्या निगराणी क्षेत्राबाहेर आणू नयेत, हा दंडक कायम राहिला. त्यामुळे ते केंद्र शेवटच्या खातरजमेपुरतंच वापरता येतं, आणि उद्यानाजवळचे लहान कोंडवाडे मात्र भरलेले असतात. पशुपालकांच्या बाजूने विचार केला तर मला दंडक कळतो. वुड बफेलोचं उदाहरण आठवलं की आणखी कळतो. पण दुहेरी कुंपण, नियमित तपासणी आणि आसपासच्या गुरांवर देखरेख असेल, तर कोंडवाडा शेकडो किलोमीटर दूर असल्याने जंतूला नवीन पाय फुटत नाहीत. इथे नियम शंभर टक्के खात्री मागतो, आणि तिची किंमत कत्तलखान्यात मोजली जाते.

२०१९ च्या फेब्रुवारीत ५ नर आणि ऑगस्टमध्ये आणखी ५५ नर फोर्ट पेकला गेले. तिथून आंतरजमातीय बफेलो परिषदेमार्फत (बायसनला तिकडे बफेलोही म्हणतात) अनेक राज्यांतल्या डझनाहून अधिक जमातींकडे कळप पोचले. आतापर्यंत या वाटेने चारशेंहून अधिक बायसन जिवंत बाहेर पडले आहेत.

एल्क मात्र मोकळं

२००७ आणि २००८ मध्ये मोन्टानात दोन गुरांचे कळप बाधित निघाले. ज्याची धास्ती होती तेच झालं. राज्याचा रोगमुक्त दर्जा गेला आणि २००९ मध्ये परत मिळाला. पण जंतू आले कुठून? माग एल्क या मोठ्या हरणाकडे गेला.

हा एकटा प्रसंग नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमींनी २०१७ मध्ये यलोस्टोन परिसरातल्या ब्रुसेलोसिसचा पुन्हा आढावा घेतला. १९९८ पासून त्या भागात गुरांच्या आणि पाळलेल्या बायसनच्या २७ कळपांत रोग शिरला होता, आणि प्रत्येक वेळी धागा एल्ककडे जात होता. मोकळ्या रानात बायसनकडून गाईला लागण झाल्याची एकही नोंद नाही.

बायसनचे पाठीराखे हा आकडा ‘बायसन निर्दोष आहेत’ याचा पुरावा म्हणून पुढे करतात. मला तो इतका सरळ वाटत नाही. बायसनला गाईंपासून कडक वेगळं ठेवलं म्हणूनही लागण झाली नसेल. पण दुसरं टोक झाकता येत नाही. एल्क रात्री कुंपण उडी मारून ओलांडतं, गाईंच्या गंजीतलं गवत खातं, वसंतात तिथेच गाभडतं, आणि त्याच्यावर असला कुठलाच नियम नाही. शेजारच्या वायोमिंगमध्ये राज्य वीसेक ठिकाणी एल्कला हिवाळी चारा घालतं, वर जॅक्सनजवळ १९१२ पासूनचं राष्ट्रीय एल्क आश्रयस्थान आहे. हजारो हरणं एका जागी, ऐन गाभडण्याच्या मोसमात, चाऱ्यावर तोंडाला तोंड लावून उभी असतात. जंतूला याहून चांगली सोय कुणी मुद्दाम केली नसती. पण एल्कवर शिकारीचं मोठं अर्थकारण आहे, तो राज्याच्या वन्यजीव खात्याच्या अखत्यारीत आहे, आणि त्याला पकडून कोंडणं कुणाच्या आवाक्यात नाही. जो सापडतो, त्याला नियम लागतो. या प्रकरणात मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतं ते हेच.

एक बदल मात्र चांगला झाला. डिसेंबर २०१० पासून केंद्राने जुना साचा सैल केला. कळप बाधित निघाला तरी तो सरसकट मारायची आणि राज्याचा दर्जा घालवायची सक्ती उरली नाही. मोन्टानाने चार काउंट्यांच्या काही भागांत निगराणी क्षेत्र आखलं. तिथल्या गुरांची विक्रीपूर्वी तपासणी होते, वासरांना लस टोचली जाते, बाकी राज्य मोकळं. पशुपालकाची सर्वांत मोठी भीती होती ती एका गोठ्यामुळे राज्याचा बाजार बसण्याची. ती कमी झाली तशी बायसनलाही थोडी जागा मिळाली. डिसेंबर २०१५ मध्ये राज्यपाल स्टीव्ह बुलक यांनी उद्यानाच्या पश्चिमेकडच्या हेबगेन खोऱ्यात बायसनला वर्षभर राहू देण्याचा निर्णय घेतला. त्या भागात गुरं जवळपास नाहीतच. मग हाकलायचं कशापायी?

इकडची थोडी बाजू

आपल्याकडे सप्टेंबर २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात लाळ्या-खुरकुताबरोबर ब्रुसेलोसिस आहे. ४ ते ८ महिन्यांच्या कालवडींना आणि म्हशींच्या मादी रेडकांना आयुष्यात एकदा लस टोचायची असते. आपल्या गव्यांचंही स्थलांतर झालं आहे: बांधवगडमधून नाहीसे झालेले गवे २०११ आणि २०१२ मध्ये कान्ह्यातून आणून तिथे पुन्हा वसवले. दाजीपूर-राधानगरीच्या बाजूला गवे आणि गावची गुरं एकाच ओढ्यावर येतात. तिथे गोठ्यातली कालवड लस घेऊन उभी आहे की नाही, यावर गव्याचंही आरोग्य अवलंबून आहे. यलोस्टोनमध्ये रोग गाईकडूनच रानात गेला होता.

आत्ता काय चाललं आहे

जुलै २०२४ मध्ये राष्ट्रीय उद्यान सेवेने नवी योजना मंजूर केली. कळप साधारण ३,५०० ते ६,००० च्या दरम्यान ठेवायचा, आणि निरोगी प्राणी जमातींकडे पाठवण्याला आणि जमातींशी झालेल्या जुन्या करारांनुसार उद्यानाबाहेर होणाऱ्या शिकारीला प्राधान्य द्यायचं, अशी तिची दिशा आहे. वर्ष संपता संपता मोन्टाना राज्याने त्याविरुद्ध दावा लावला.

२०२२-२३ च्या हिवाळ्यात दीड हजारांवर बायसन कळपातून कमी झाले. त्यांतले बहुतेक उद्यानाच्या हद्दीवर शिकारीत गेले आणि तीनशेच्या आतच विलगीकरणासाठी निवडले गेले. आज पकडलेली मादी कोंडवाड्यातून बाहेर पडेपर्यंत अडीच वर्षं जातात. तेवढ्या वेळात दोन हिवाळे नक्की येतात, आणि बर्फ पडलं की कळप पुन्हा खाली उतरतो, तेव्हा तिची जागा अजून रिकामी झालेली नसते.